पुस्तकातली खूण कोणत्या पानावर होती?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. वय 54. आमच्या सोसायटीत नऊ जणींचा वाचनकट्टा आहे. एक महिना मराठी पुस्तक, एक महिना इंग्रजी, आणि निवडायची पाळी आळीपाळीने. या वेळी माझ्या पाळीला मी जस्टिन क्रोनिन यांची 'द पॅसेज' दिली. व्हॅम्पायरांनी जग संपवल्यानंतरची थरारक गोष्ट आहे. मला ती इतकी आवडली होती की ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये उभ्याने वाचली. चर्चेच्या दिवशी मात्र भांडणच झालं. दोघींनी आठवड्यात संपवली होती. तिघी म्हणाल्या, सुरुवात छान होती, पण मध्येच लेखक शंभर वर्षं पुढे उडी मारतो आणि जीव लावलेली माणसं वाऱ्यावर सोडतो. एक जण म्हणाली, या वयात भुताखेतांचं काय वाचायला देतेस! एकीची नववीतली मुलगी पुस्तक वाचून चार दिवस आईजवळ झोपली, त्याचा राग माझ्यावर निघाला.

पण मला लागलंय ते वेगळंच. नंदा (नाव बदललं आहे) माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचे यजमान एप्रिल 2021 मध्ये कोविडने गेले. तेव्हा ती स्वतः पॉझिटिव्ह होती आणि घरात अडकली होती. मुलगा परदेशात. अंत्यविधी परस्पर उरकले गेले, दहावं-तेरावं कुणीच केलं नाही. ती चर्चेला आलीच नाही. पुस्तक वॉचमनकडे पिशवीत घालून पाठवलं आणि मेसेज केला, 'मला असलं पुन्हा देऊ नकोस.' तीन आठवडे झाले, बोलत नाही. रोज तिन्हीसांजेला ती आमच्याकडे येऊन बसायची, कारण दिवे लागायच्या वेळी तिला घरात एकटं बसवत नाही. तेही बंद झालंय. पुस्तकात खूण म्हणून घातलेलं औषधांच्या दुकानाचं बिल तसंच राहिलंय, पीटर भिंतीवर रात्री उभा राहतो त्या पानावर.

इतका रक्तपात असलेलं पुस्तक देऊन मी तिला दुखावलं. माझी आवडच हलकी आहे का? ग्रुपवर सगळ्यांची माफी मागून कट्टा सोडावा असं वाटतंय. आता सगळ्या म्हणतायत की यापुढे फक्त हलकंफुलकं वाचायचं.

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही तुमच्यासारखंच वाटलं की कोविडमध्ये नवरा गमावलेल्या बाईच्या हातात साथीची, रक्ताची कादंबरी पडली, ती घाबरली, आणि चूक तुमची झाली. दुसऱ्यांदा वाचताना त्या औषधांच्या बिलापाशी थबकले. तुम्ही ते एका वाक्यात सांगून पुढे गेलात. मला वाटतं, सगळं पत्र त्या बिलात आहे.

मी ही कादंबरी वाचली आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. शेवट सांगत नाही.

2010 साली आलेली ही सातशेच्या वर पानांची कादंबरी, पुढे दोन भाग वाढलेली. बोलिव्हियाच्या जंगलात एक विषाणू सापडतो. माणसाचं आयुष्य त्याने अफाट वाढेल, अशा आशेने अमेरिकी लष्कर कोलोरॅडोच्या डोंगरात गुप्त प्रयोग चालवतं. फाशीची शिक्षा झालेले बारा कैदी त्यासाठी आणतात, आणि मग सहा वर्षांची एक मुलगी, एमी. तिला आणायला पाठवलेला सरकारी माणूस वोल्गास्ट, ज्याची स्वतःची तान्ही मुलगी गेलेली आहे. प्रयोग हाताबाहेर जातो, ते बारा सुटतात, आणि जग मोडतं. पुस्तकातलं सगळ्यात भयंकर रक्त इथे सांडतं, पहिल्या एक तृतीयांश भागात. त्यानंतर ती गाजलेली उडी. जवळजवळ शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियातली एक छोटी वसाहत. भोवती भिंत. रात्रभर जळणारे प्रखर दिवे, कारण ते बाधित जीव प्रकाशाला घाबरतात. पवनचक्क्यांवर भरणाऱ्या जुन्या बॅटऱ्या दर वर्षी थोड्या थोड्या दमत चाललेल्या, आणि हे ठाऊक असलेली माणसं मोजकीच.

या वसाहतीत एक रीत आहे. बाधित झालेला माणूस पुष्कळदा आपल्या घरी परत येतो. म्हणून कुणाला 'त्यांनी' नेलं की त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने सात रात्री भिंतीवर उभं राहायचं. तो आला तर त्याला स्वतःच्या हाताने संपवायचं, दुसऱ्या कुणी नाही. या उभं राहण्याला ते लोक 'मर्सी' म्हणतात, म्हणजे दया. उडी मारून आपण वसाहतीत पोचतो तेव्हा एकवीस वर्षांचा पीटर आपल्या थोरल्या भावासाठी असा उभा असतो. भाऊ येऊ नये असंही त्याला वाटत असतं आणि एकदा दिसावा असंही.

नंदाताईंचं बिल त्या पानावर होतं.

आता तुमचा पहिला समज पाहू. तुम्हाला वाटतंय, रक्तपात वाचवेना म्हणून तिने पुस्तक बंद केलं. पण रक्तपात ती कधीच मागे टाकून आली होती. कोलोरॅडोचा तो सगळा संहार तिने वाचला. गावंच्या गावं ओस पडताना वाचली. जिथे तिघी चिडून थांबल्या ती उडीसुद्धा तिने पार केली. एवढं सगळं वाचून ती थांबली ती एका शांत प्रसंगाशी, जिथे कुणी कुणाला मारत नाही. एक माणूस नुसता उभा आहे, आपल्या गेलेल्या माणसाची वाट बघत.

त्या पानावर नंदाताईंना काय दिसलं असेल? त्या वसाहतीतल्या लोकांकडे वीज संपत आलेली आहे, औषधं नाहीत, बाहेरचं जग नाही. तरीही त्यांच्याकडे रीत आहे. गेलेल्यासाठी उभं राहायला जागा आहे आणि मोजायला सात रात्री आहेत. पीटर खाली उतरेल तेव्हा अख्खी वसाहत म्हणेल, तू तुझं काम केलंस. नंदाताईंना हे काहीच मिळालं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स गेटमधून बाहेर पडली, त्यानंतर माणूस दिसला तो फोनच्या पडद्यावर, आणि मग फक्त कागद आले. आपल्याकडे दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवतोय का हे बघत माणसं ताटकळतात. कधी तासभर कावळा येत नाही, मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं, 'तुमच्या बायकोची काळजी आम्ही घेऊ' असं मोठ्याने सांगतं. कावळ्यावर विश्वास असो नसो, ते वाक्य त्या बाईच्या कानावर पडतं. नंदाताईंच्या कानावर ते पडलं नाही.

मी हे ठामपणे का म्हणतेय, तेही सांगते. माझे काका त्याच एप्रिलमध्ये गेले. अस्थी घ्यायला मी गेले होते. स्टीलचा छोटा डबा होता, झाकणाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने लिहिलेला आकडा. पावसाळी हवेत शाई जरा फुटली होती, त्यामुळे शेवटचा आकडा तीन आहे की आठ ते कळेना. तिथल्या मुलाने वहीत बघून सांगितलं, तीन. मी मान डोलावली आणि डबा घेतला. त्यानंतर पुढची दोन वर्षं कुठल्याही गोष्टीत कुणी कुणाला ओळख पटवायला बोलावलं की मी पुस्तक मिटायचे. खून, मारामाऱ्या, सगळं वाचायचे. एवढंच नाही वाचवायचं. ती पुस्तकं वाईट नव्हती. ती नेमकी जिथे लागायची तिथेच लागत होती.

अर्थात बिल हे बिलच. कदाचित तिला तिथे झोप लागली असेल, किंवा कुकरची शिट्टी झाली असेल. पण 'असलं पुन्हा देऊ नकोस' हे वाक्य झोप लागलेल्या माणसाचं वाटत नाही. आणि 'असलं' म्हणजे भुताचं, असा अर्थ तुम्ही लावलात. तिने तो सांगितलेला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, आवड हलकी असल्याच्या. व्हॅम्पायरच्या गोष्टीत माणसं रक्त बघायला जातात, असं बाहेरून वाटतं. या गोष्टींचं मूळ आजारपणात आहे, आणि त्यातही घरातल्या घरात पसरणाऱ्या आजारपणात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एक्झेटर नावाचं गाव आहे. तिथल्या ब्राउन कुटुंबात आई गेली, मग मोठी मुलगी गेली, मग जानेवारी 1892 मध्ये एकोणीस वर्षांची मर्सी गेली, आणि भाऊ एडविन खंगत चालला. गावकऱ्यांनी ठरवलं की गेलेल्यांपैकी कुणीतरी रात्री येऊन त्याचं रक्त शोषतंय. मार्चमध्ये कबरी उघडल्या. ऐन हिवाळ्यात गेलेल्या मर्सीचं शरीर थंडीमुळे टिकलं होतं, म्हणून दोष तिच्यावर आला. तिचं काळीज जाळलं आणि ती राख पाण्यात कालवून भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. तो क्षय होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दहा वर्षांपूर्वीच, 1882 मध्ये, शोधून दाखवला होता. ती बातमी त्या घरापर्यंत पोचली नव्हती, किंवा पोचून उपयोग नव्हता, कारण औषध अजून कुणाकडेच नव्हतं.

त्या गावकऱ्यांवर मला राग धरता येत नाही. डोळ्यांदेखत एकामागून एक माणूस जातंय आणि हातात करण्यासारखं काही नाही, तेव्हा माणूस काहीतरी करायला शोधतो. आपणही 2021 मध्ये कुणाच्या सांगण्यावरून काय काय काढे प्यायलो ते आठवून बघा.

ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' 1897 ची. त्यांच्या आईने लहानपणी आयर्लंडमधल्या स्लायगो गावात 1832 चा कॉलरा पाहिला होता, आणि त्याच्या हकिगती तिने मुलाला सांगितल्या होत्या. त्याच 1897 मध्ये आपल्याकडे प्लेग होता. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. घरं तपासत होते, रोग्यांना माणसांपासून तोडून छावण्यांत नेत होते, आणि पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता 10 मार्चला प्लेगनेच गेल्या. म्हणजे तिकडे लोक जी गोष्ट कादंबरीत वाचून शहारत होते, ती इकडे दाराशी उभी होती. पुढे 1954 मध्ये रिचर्ड मॅथेसन यांनी 'आय अ‍ॅम लेजंड'मध्ये व्हॅम्पायर होणं म्हणजे जंतूंनी होणारा रोग असं उघडच मांडलं, आणि उरलेला एकटा माणूस दाखवला. त्याच्या दाराबाहेर रात्री हाका मारतो तो त्याचा जुना शेजारी. 'द पॅसेज' याच घराण्यातली आहे. या घराण्यात परकं भूत कमी आणि आपलंच माणूस बदलून दाराशी येणं जास्त. असल्या गोष्टी आवडणाऱ्या बाईची आवड हलकी कशी?

तसंही आपण मराठी वाचकांनी हे म्हणायचं नाही. नारायण धारप वाचून रात्री कडी लावलीय का हे पुन्हा बघायला उठलेल्या बायका आज साठीत आहेत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा दिवाळी अंकात आधी कोण वाचणार यावरून आमच्या घरी भावंडांत हिसकाहिसकी व्हायची. 'या वयात' म्हणणाऱ्या तुमच्या सभासद बाईंना विचारा, त्यांनी धारपांची 'लुचाई' वाचली होती का, आणि कितव्या वर्षी. प्रेमाने विचारा. माझी खात्री आहे, पुढचा अर्धा तास त्याच बोलतील.

शंभर वर्षांच्या उडीबद्दल तिघी चिडल्या, ते मात्र मला पूर्ण समजतं. या कादंबरीचे वाचक तिथेच दुभंगतात. वोल्गास्ट आणि एमी डोंगरातल्या जुन्या शिबिराच्या जागी लपून राहतात, जग संपल्याच्या बातम्या हळूहळू येणं थांबतं, तो तिला वाचायला देतो, पोहायला शिकवतो. त्या दोघांत आपण घर करून बसलेलो असतो, आणि लेखक आपल्याला उचलून अनोळखी लोकांच्या वसाहतीत टाकतो. नवी नावं, नवे नातेसंबंध, नवे शब्द. मीसुद्धा तिथे चाळीसेक पानं चिडूनच वाचली. पण मग ती आत्या भेटते, वसाहतीतली सगळ्यात म्हातारी बाई, लहानपणी आगगाडीने आलेली. जग बुडताना फिलाडेल्फियाच्या आईबापांनी आपली पोरं त्या गाडीत चढवली आणि स्वतः फलाटावर राहिले. ती म्हातारी ते लिहून ठेवतेय, कारण तिच्यानंतर आगगाडी म्हणजे काय हे सांगणारंही कुणी उरणार नाही. ते वाचताना मला कळलं की उडी का हवी होती. मागचं जग कसं हातातून गेलं हे सांगून कळत नाही. वाचकाच्या हातातूनही ते काढून घ्यावं लागतं. माझं हे मत तिघींनी मान्य करायलाच हवं असं नाही. पण त्यांची चीड ही तुमच्यावरची तक्रार नव्हती, एवढं धरून चाला. पुस्तकात जीव गुंतला नसता तर त्या चिडल्या नसत्या, जांभया देत बसल्या असत्या.

नववीतल्या मुलीचं चटकन सांगते. पुस्तक तिच्या घरात तिच्या आईच्या हातातून गेलं, तुमच्या नाही, तेव्हा तो राग फार मनाला लावून घेऊ नका. तिच्या आईला एवढंच सुचवा की चार दिवस जवळ झोपवलंत ते उत्तम केलंत, आता दिवसाउजेडी विचारा की नेमकी भीती कशाची वाटली. त्या वसाहतीत मुलांना आठ वर्षांची होईपर्यंत वेगळं ठेवतात, बाहेरच्या जगाबद्दल काही कळू देत नाहीत, आणि आठव्या वाढदिवसाला एकदम सगळं सांगतात. तो प्रसंग आई आणि मुलीने मिळून वाचण्यासारखा आहे. 2020 मध्ये ती मुलगी खूप लहान होती. तिला तेव्हा काय सांगितलं आणि काय लपवलं, हे बोलायला तेवढं एक निमित्त होईल. आणि हेही सांगा की ही कादंबरी जन्मली तीच मुळी एका शाळकरी मुलीमुळे. लेखकाच्या मुलीने त्याला म्हटलं होतं, जगाला वाचवणाऱ्या मुलीची गोष्ट लिही. तो धावायला जायचा, ती शेजारून सायकल चालवायची, आणि दोघं गोष्ट रचायचे.

आता कट्ट्याबद्दल. हे मी तुमच्यासारख्या सगळ्याच वाचनगटांसाठी लिहितेय, कारण अशी पत्रं मला आधीही आली आहेत. 'फक्त हलकंफुलकं' हा नियम करू नका. त्याने कुणाचं रक्षण होत नाही. विनोदी कादंबरीतसुद्धा एखाद्या नवऱ्याचा चष्मा टेबलावर राहून गेलेला असतो आणि तो कुणाला तरी लागतो. कशाने काय लागेल हे तुम्ही नऊ जणी आधी ओळखू शकणार नाही. पण काही गोष्टी करता येतात. पुस्तक निवडणारीने ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात की यात साथ आहे, लहान मुलाचा मृत्यू आहे, प्रेतांची वर्णनं आहेत. थरारकथेची मजा जाईल अशी तक्रार होईल. माझ्या मते जात नाही. भिंतीवर पीटरला भाऊ दिसतो की नाही हे सांगितलं तर मजा जाते. भिंत आहे एवढं सांगितल्याने नाही. आणि कुणी अर्ध्यात सोडलं तरी तिला चर्चेला यायची पूर्ण मोकळीक असू द्या. बहुतेक गटांत असं होतं की ज्यांनी संपवलं त्या बोलतात आणि सोडलेल्या चहा करायला उठतात. तुमच्याकडे उलट करून बघा. 'आवडलं का?' या प्रश्नाने सुरुवात करू नका, त्याने बाजू पडतात. 'तू कुठे थांबलीस?' असं विचारा. संपवलेल्याही कुठेतरी थांबलेल्या असतात, पाणी प्यायला, खिडकीशी, गॅलरीत. त्या जागांबद्दल बोलायला लागलात की भांडण होत नाही, आणि एकमेकींबद्दल जे आजवर कळलं नाही ते तासाभरात कळतं. आधी हा प्रश्न तुमच्या कट्ट्यावर असता तर नंदाताई कदाचित आल्या असत्या.

ग्रुपवर माफी मागायचा विचार मात्र सोडून द्या. आठ जणींसमोर माफी मागितलीत की बाकीच्या सात जणी नंदाताईंकडे बघणार. 'अगं तिचं तसं काही मनात नव्हतं' असे फोन सुरू होणार, आणि ज्या बाईला एकटीने पुस्तक मिटावंसं वाटलं तिचं दुःख सोसायटीच्या बाकावर चर्चेला येणार. कट्टा सोडणंही तसंच. त्याचा अर्थ तिला असा लागेल की माझ्यामुळे हिने सोडलं, आणि तो भार तिच्यावर पडेल. दोन्ही मार्गांनी तुमच्या मनाची टोचणी कमी होईल. तिचं काय होईल?

म्हणून तिच्याकडे जा. मेसेज नको, फोन नको. पुस्तक नेऊ नका, आणि बिलाचा विषय तुम्ही काढू नका. ती खूण तिची आहे. तुम्ही ती पाहिली हे कळलं तर तिला उघडं पडल्यासारखं वाटेल. तिने स्वतः काढला तर ऐका. 'माझ्या मनात असं काही नव्हतं' हे वाक्य अगदी ओठावर येईल, ते गिळा. ते खरं आहे आणि तिला ते ठाऊक आहे. हे वाक्य बोललात की तिला तुमची समजूत काढावी लागेल. एवढंच म्हणा की तू आली नाहीस ते मला जाणवलं, आणि देण्याआधी मी तुला विचारायला हवं होतं. मग गप्प बसा. ती कदाचित भाजीच्या भावावर बोलेल. बोलू द्या, तुम्हीही बोला. पहिल्या भेटीत काहीच निघालं नाही तर परत जा.

आणि कधीतरी, या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यातही नाही, तिने यजमानांचा विषय काढला तर एक गोष्ट विचारून बघा. दहाव्याचं राहिलं ते तिला अजून करावंसं वाटतं का? विधीच हवा असेल तर गुरुजींना विचारता येईल, उशीर झालेल्यांसाठीही काही करतात. विधी नको असेल तर त्यांच्या आवडीचं जेवण करून चार माणसं बोलावता येतील. तेही नको असेल तर दोघी कुठे जाऊन नुसत्या बसू शकता. हे तुम्ही ठरवायचं नाही. पण विचारणारं एक माणूस तिला हवं, आणि इतक्या वर्षांत तसं कुणी विचारलेलं तुमच्या पत्रात तरी दिसलं नाही. मला वाटतं, पुस्तकाने तिला काही केलं असेल तर एवढंच की हा न विचारलेला प्रश्न तिच्यापुढे आणून ठेवला. पुस्तकावर रागावणं सोपं होतं, ते तुम्ही दिलं होतं, म्हणून राग तुमच्या वाट्याला आला. जवळच्या माणसावरच असा राग काढता येतो.

एक शंका तुमच्या मनात येईल, तिला पुस्तक पुढे वाचायचं असेल तर? तीही शक्यता आहे. मी माझ्या काकांनंतर मिटलेली दोन पुस्तकं पुढे पूर्ण केली, एक अजून तशीच आहे. तुमची प्रत घरात राहू द्या, ते बिल त्याच पानात राहू द्या. तिने मागितलं तर द्या. आपण होऊन 'पुढे छान आहे गं' असं सांगू नका.

शनिवारी जा. तिन्हीसांजेची वाट बघू नका, ती वेळ तिला आधीच जड जाते, आणि इतके दिवस ती एकटीने काढतेय. सकाळी दहाच्या सुमाराला जा, चहा तिच्याकडेच घ्या, आणि निघताना म्हणा की संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मी दार उघडं ठेवते.